क्रॉसवरचा छोटा गोल: कुठे बसतो, कुठे बसत नाही

बेळगावात ‘सर्कल’ म्हटलं की डोळ्यांपुढे चन्नम्मा सर्कल येतं, नाहीतर गोवावेस, गोगटे, अशोक सर्कल. भोवती कठडा, शिट्टी मारणारा पोलीस आणि चारी बाजूंनी घुसणाऱ्या बसगाड्या. या लेखातला गोल त्या जातीचा नाही. दोन म्हशी एकामागे एक उभ्या केल्या तर या कडेपासून त्या कडेपर्यंत पुरतील, एवढाच त्याचा व्यास. दोन निवासी रस्ते एकमेकांना छेदतात तिथे, म्हणजे क्रॉसवर, ऐन मध्यावर तो बसतो आणि कुणालाही नाकासमोर सरळ जाऊ देत नाही. त्याचं सगळं काम एवढंच.

हिंदवाडी, भाग्यनगर, सदाशिवनगर, महांतेशनगर अशा आखीव वसाहतींत राहणाऱ्यांना दुखणं सांगायला नको. मुख्य रस्त्यावर तुंबलं की गाड्या आतल्या गल्ल्यांतून निघतात. रस्ता सरळ, नुकतं डांबर पडलेलं, सकाळची शाळेची घाई. क्रॉसवर दोघेही ‘समोरचा थांबेल’ असं धरून चालतात. मग कुणाच्या तरी गुडघ्याला टाके पडतात आणि त्याच आठवड्यात गल्लीतले चौघे मिळून रातोरात हंप घालून मोकळे होतात.

हंपाशी माझं वैर नाही. पण नियमातला हंप ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंटीमीटर उंच, पाठ गोलसर असा असतो. त्यावरून ताशी २५ किलोमीटरनं गाडी सुखानं जाते. रातोरात घातलेला हंप म्हणजे रस्त्यावर आडवा टाकलेला ओंडका. गरोदर बाई, मणक्याचा पेशंट आणि ॲम्ब्युलन्स, तिघांचेही हाल. शिवाय ज्या क्रॉसवर धडका होतात तिथे तो नसतोच, असतो कुणाच्या तरी दारासमोर. आणि तो ओलांडला की पोरं पुन्हा ॲक्सिलरेटर पिळतात.

गोल हे काम वेगळ्या तऱ्हेनं करतो. चालवणाऱ्याला लांबूनच दिसतं की समोरचा रस्ता अडलाय. त्याला आधी डावीकडे वळावं लागतं, मग गोलाच्या कडेनं उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. अशी नागमोडी चाल ताशी ४० नं जमत नाही. वेग आपसूक २०-२५ वर येतो. दुसरी गोष्ट धडकांची. साध्या चौरस्त्यावर गाड्यांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी छेदतात, मिळतात किंवा फुटतात. एकेरी फेऱ्याच्या गोलात हीच ठिकाणं ८ उरतात, आणि समोरासमोरची किंवा थेट बरगडीत बसणारी धडक जवळजवळ निघून जाते. उरतात ती घासाघासीची. आरसा मोडतो, माणूस वाचतो.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या सिॲटल शहरानं १९७० च्या दशकात निवासी चौरस्त्यांवर असे गोल बसवायला सुरुवात केली आणि आज तिथे ते हजाराहून जास्त आहेत. इंग्लंडमध्ये फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या इंजिनिअरनं त्याच सुमारास मिनी राउंडअबाउट जमवलं, म्हणजे रस्त्यावर रंगवलेला किंवा किंचित फुगवलेला पांढरा ठिपका. तिथे आधी मोठे गोल होतेच, पण आत शिरणारे आतल्यांना अडवायचे आणि सगळा गोल कोंडून जायचा. १९६६ मध्ये नियम आला की गोलात जो आधीच आहे त्याला आधी जाऊ द्या. हा नियम रुजल्यावरच लहान गोल चालायला लागले. आपल्याकडे २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांतही हेच सांगितलंय. ते किती जणांना माहीत आहे, त्याकडे पुढे येतो.

आता कामाला लागू.

रस्ता कुणाचा, ते आधी बघा

टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ महानगरपालिकेत. कॅम्पातला रस्ता कँटोन्मेंट बोर्डाचा. हिंडलगा किंवा कंग्राळीत असाल तर गावातला रस्ता ग्रामपंचायतीचा, पण त्याच गावातून जाणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असू शकतो. नव्या वसाहतीत आणखी एक घोळ असतो: ले-आउट बुडानं (बेळगाव नगरविकास प्राधिकरणानं) मंजूर केलेला, पण रस्ते अजून पालिकेकडे हस्तांतरित झालेले नाहीत. तसं असेल तर पालिका हात वर करते आणि बुडा म्हणते पालिकेकडे जा. हे आधी कळलं तर दोन महिन्यांचे हेलपाटे वाचतात. वॉर्ड ऑफिसातल्या कनिष्ठ इंजिनिअरला विचारा. त्याला तोंडपाठ असतं.

बस ज्या रस्त्यानं जाते तिथे हा गोल मागू नका. गणपतीच्या किंवा शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीच्या मार्गावरही नको. बेळगावची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना कारण सांगावं लागणार नाही. ट्रॉलीवर उभारलेला देखावा क्रॉसवर वळवताना आधीच दहा माणसं तारा उचलायला काठ्या घेऊन उभी असतात. त्यात मध्ये गोल आला तर पुढच्या वर्षी तो तिथे राहणार नाही, आणि राहू नये.

जागा बरोबर आहे का

चार रस्ते काटकोनात मिळणारा क्रॉस सर्वांत चांगला. दोन्ही रस्ते साधारण सारख्या रुंदीचे आणि सारख्या वर्दळीचे असावेत. एक मोठा आणि एक बारीक असेल तर मोठ्या रस्त्याची माणसं बारीक रस्त्यावरून आलेल्याला जुमानत नाहीत, गोल असो वा नसो.

टी आकाराच्या तिठ्यावर गोल फसतो. आडव्या रस्त्याच्या ज्या कडेला फाटा नाही, त्या कडेनं जाणारा सरळच जातो. त्याला वळवायला पलीकडची कड पुढे ओढावी लागते आणि तेवढी जागा सहसा नसते. तीव्र उतारावर नको. आणि गावठाणातल्या जुन्या गल्ल्यांत तर विचारच करू नका. गणपत गल्ली किंवा रामलिंगखिंड गल्लीच्या भागात घरांचे कोपरे थेट रस्त्यावर आलेले असतात. तिथे गोल बसवला तर रिक्षासुद्धा फिरणार नाही. तिथली औषधं वेगळी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रॉसच्या मध्यभागी काय आहे ते खाली वाकून बघा. ड्रेनेजचं चेंबर किंवा पाण्याचा व्हॉल्व्ह बरोबर तिथेच असायची शक्यता फार. चेंबर असेल तर गोल रद्द होत नाही. पण झाकण उघडं राहील अशी जागा सोडावी लागते. एका ओळखीच्या वसाहतीत हौसेनं केलेल्या बागेखाली व्हॉल्व्ह गाडला गेला. पाणी सोडायचा दिवस आला तेव्हा व्हॉल्व्हमननं ज्या चार शिव्या घातल्या, त्या इथे छापण्यासारख्या नाहीत.

वेग मोजायला घड्याळ पुरतं

‘गाड्या फार जोरात जातात’ एवढं सांगून कुणी हलत नाही. आकडा द्या. क्रॉसच्या अलीकडे रस्त्याकडेनं टेप धरून ३० मीटर मोजा, दोन्ही टोकांना खडूनं रेघ मारा. मोबाइलवरचं स्टॉपवॉच घ्या. गाडीचं पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं की सुरू, दुसऱ्या रेघेवर बंद. १०८ ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर निघतात. ३.६ सेकंद म्हणजे ३०, २.७ सेकंद म्हणजे ४०. सव्वादोन सेकंदांच्या आत गेली तर ताशी ५० च्या आसपास समजा. तो गल्लीतलाच कुणाचा तरी मुलगा असतो.

सकाळी शाळेची वेळ, दुपार आणि संध्याकाळ, तीन वेळा प्रत्येकी पन्नास गाड्या तरी मोजा. मोजताना हातात वही आणि अंगावर साधे कपडे. पिवळं जाकीट घालून उभे राहिलात तर सगळे सज्जनपणे जातात आणि तुमचे आकडे फुकट. चारी बाजूंची वर्दळ वेगवेगळी मोजा, किती उजवीकडे वळतात तेही लिहा. ट्रॅक्टर, बैलगाड्या, टँकर, शाळेच्या बस यांची नोंद स्वतंत्र. वडगाव, शहापूर, अनगोळच्या बाजूला पेरणी-कापणीच्या दिवसांत शिवारात जाणाऱ्या गाड्या बऱ्याच असतात. जानेवारीत मोजलं तर त्या सुटतात.

कोपऱ्याचं गणित

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक गोल इथेच बिघडतात. लोक आधी ठरवतात ‘गोल एवढा करू’ आणि मग गाड्या बसतात का ते बघतात. उलट करायचं. आधी कोपरे, मग गोल.

समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोन दोऱ्या तिरक्या ताणा. त्या छेदतात तो मध्य; तिथे खिळा ठोका. आता मध्यापासून प्रत्येक कोपऱ्याच्या सर्वांत जवळच्या काठापर्यंत अंतर मोजा. काठ म्हणजे डांबर संपतं तो, कंपाउंडची भिंत नव्हे. चार आकडे येतील. सर्वांत लहान आकडा धरा. त्यातून ४.५ मीटर वजा करा, कारण कोपऱ्यावरून वळणाऱ्या गाडीला साधारण तेवढी वाट लागते. उरलं ते तुमच्या गोलाच्या कडक भागाचं, म्हणजे ज्यावर चाक चढू द्यायचं नाही त्या आतल्या भागाचं, त्रिज्यामाप.

उदाहरण घेऊ. दोन्ही रस्त्यांचं डांबर ९ मीटर, कोपरे ३ मीटरच्या गोलाईनं वळवलेले. मध्यापासून कोपऱ्याचा काठ साधारण ७.६ मीटर येतो. त्यातून ४.५ गेले, ३.१ उरले. म्हणजे कडक भाग सव्वासहा मीटरच्या आत. रस्ते ७.५ मीटर आणि कोपऱ्यांना साडेचार मीटरची गोलाई असेल तर ७.२ मधून ४.५ जाऊन २.७ उरतात, म्हणजे गोल पाच मीटरच्या थोडा वर. सिॲटलमध्येही २५ फुटी रस्त्यांवर साधारण १६ फुटी गोल बसवतात. माप जवळपास तेच.

आता तोच ७.५ मीटरचा रस्ता, पण कोपरे टोकदार, गोलाई शून्य. मध्यापासून टोक फक्त ५.३ मीटर. वजा करून उरले ०.८. दीड मीटर व्यासाचा गोल म्हणजे कढई पालथी घातल्यासारखं. त्याला कुणी वळसा घालत नाही. असा क्रॉस सोडून द्या.

दुसरी तपासणी विरुद्ध बाजूनं. रस्त्याची अर्धी रुंदी घ्या आणि त्यातून गोलाची त्रिज्या वजा करा. उरते ती कडेची सरळ पट्टी, जिच्यातून न वळता निघून जाता येतं. मोटारींचा विचार केला तर दीड-पावणेदोन मीटरपर्यंतची पट्टी चालते, तेवढ्यात मोटार सरळ मावत नाही. पण आपल्याकडे रस्त्यावर दुचाकीच जास्त, आणि स्कूटरला एक मीटर म्हणजे राजरस्ता. वरच्या ९ मीटरच्या उदाहरणात ४.५ मधून ३.१ गेले तर १.४ मीटरची पट्टी उरते. पोरगं तिच्यातून तस्संच जाईल, ॲक्सिलरेटर न सोडता.

यावर उपाय म्हणजे कडक भागाच्या बाहेर अर्ध्या मीटरचा बुटका पाटा. उंची पाच-सात सेंटीमीटर, उतरता, खडबडीत. मोटार आणि स्कूटर त्यावर जायला कंटाळतात, म्हणून त्यांच्यासाठी गोल मोठा होतो. टँकर, अग्निशमनाची गाडी किंवा ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर वळताना मागचं चाक आतून कापत जातं, ते खुशाल पाट्यावरून जाऊ दे. सरळ पट्टी आता ०.९ मीटर. हा पाटा पैसे वाचवायला गाळू नका. तो गाळलेला गोल मला दुरूनही ओळखू येतो: एका बाजूचे दगड निखळलेले आणि त्यावर टायरचे काळे पट्टे.

फक्की मारून बघा

आकडे जमले की रविवारी पहाटे दोरीला खडू बांधून गोल काढा आणि त्यावर फक्की मारा, कबड्डीचं मैदान आखतो तशी. आतला गोल आणि पाटा, दोन वर्तुळं. मग आपलीच गाडी घेऊन चारी दिशांनी, उजवं वळण, डावं वळण, यू-टर्न, सगळं करून बघा. कोपऱ्यावर नेहमी उभी असणारी मोटार तिथेच राहू द्या, मालकाला हलवायला सांगू नका. खरी परिस्थिती कळायला हवी. त्या मोटारीमुळेच गोल बसत नाही असं बऱ्याचदा निघतं. मग कोपऱ्यापासून सहा मीटर गाडी न लावण्याचं आधी सगळ्यांकडून कबूल करून घ्यावं लागतं. ते होत नसेल तर पुढचं काही होणार नाही.

फक्की बघून लोक जमतातच. ‘काय ओ, हे कशाला काढलासा?’ हा प्रश्न आला की समजा बैठक सुरू झाली. तिथेच उभ्याउभ्या समजावून सांगा. हॉलमध्ये खुर्च्या मांडून घेतलेल्या सभेपेक्षा इथे जास्त काम होतं, कारण माणूस स्वतः वर्तुळाभोवती चालून बघतो.

अर्ज

एकट्याचा अर्ज टोपलीत जातो. चारी रस्त्यांवरच्या, क्रॉसपासून निदान शंभर मीटरपर्यंतच्या घरांच्या सह्या घ्या. कोपऱ्यावरच्या चार घरांच्या सह्या नसतील तर बाकी शंभर सह्यांना अर्थ नाही, कारण गाड्या त्यांच्याच फाटकाजवळून वळणार आहेत. गल्लीतली पंच मंडळी, महिला मंडळ, युवक मंडळ यांची पत्रं जोडा.

अर्ज कन्नडमध्ये करा आणि सोबत मराठी प्रत लावा. भाषेचा वाद घालायची जागा वेगळी; इथे फाईल टेबलावरून टेबलावर सरकायला हवी आणि शेरा मारणारा माणूस ती वाचेल अशी हवी. गल्लीत कन्नड शाळेत शिकवणाऱ्या एखाद्या बाई असतातच, त्यांच्याकडून मजकूर तपासून घ्या. गोलाच्या बाबतीत मराठी आणि कन्नड शेजारी एकत्र सही करतात तेव्हा फाईलला येणारं वजन वेगळंच असतं, हे मी पाहिलेलं आहे.

तीन प्रती काढा: एक महानगरपालिकेच्या आयुक्तांच्या नावे, बांधकाम विभागासाठी, दुसरी वाहतूक पोलिसांना. नगरसेवकाला तिसरी हातात द्या. बेळगावात ५८ वॉर्ड आहेत आणि क्रॉस बऱ्याचदा दोन वॉर्डांच्या हद्दीवर येतो. तसं असेल तर दोन्ही नगरसेवक. सोबत वेगाचे आकडे, मापांचा साधा नकाशा, फोटो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६५, २०१७ ची आवृत्ती, आणि आयआरसी ९९, २०१८ ची आवृत्ती यांचा उल्लेख करा. पहिली गोलचौकांची, दुसरी वाहतूक संथ करण्याच्या उपायांची. इंजिनिअरला कागदावर काहीतरी आधार लागतो, तो तुम्हीच दिला तर त्याचं काम हलकं होतं. आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिनाभर हालचाल नाही तर माहिती अधिकारात फाईल कुठे आहे ते विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

परवानगीशिवाय मात्र एक वीटही ठेवू नका. रस्त्यात स्वतःहून घातलेला अडथळा हा अडथळाच. रात्री कुणी त्यावर आदळला तर पोलीस तुमच्या दारात येतात, तेव्हा हेतू चांगला होता हे ऐकायला कुणी बसत नाही.

टायरांचे पंधरा दिवस

कायमचा गोल एकदम बांधू नका. पोलिसांच्या संमतीनं पंधरा दिवसांचा तात्पुरता गोल मांडा. ट्रकचे जुने टायर पांढरे रंगवून वर्तुळात ठेवायचे, आत माती भरलेली पोती, मध्ये रिफ्लेक्टरची पट्टी लावलेला प्लास्टिकचा ड्रम. दगड आणि लोखंड नको. कुणी धडकलाच तर टायर माफ करतो.

या दिवसांत घंटागाडी, गॅस सिलिंडरचा टेम्पो, शाळेची बस आणि पाण्याचा टँकर यांच्या ड्रायव्हरांशी बोला. ते सांगतील तेच खरं माप. अग्निशमन दलाला विनंती करून एकदा त्यांची गाडी फिरवून घेता आली तर सोन्याहून पिवळं. मोठ्या गाडीला पूर्ण वळसा जमत नसेल तर तिला गोलाच्या अलीकडून उजवीकडे वळावं लागेल. निवासी क्रॉसवर क्वचित एखादी गाडी असं करते, त्यानं आभाळ कोसळत नाही. पण रोज दहा गाड्यांना तसं करावं लागत असेल तर गोल चुकलाय.

रोज सकाळी टायर कुणीकडे सरकलेत ते बघा. एकाच बाजूचे सरकत असतील तर तिथला कोपरा अरुंद आहे. फक्की आणि टेप पुन्हा काढा, गोल अर्धा फूट पलीकडे ढकला. पंधरा दिवसांनी वेग पुन्हा मोजा, त्याच जागी, त्याच वेळी.

बांधताना

बांधकाम पालिकेच्या ठेकेदाराचं, पण उभं राहून बघणं तुमचं. होळीनंतर आणि वळवाच्या आधी काम व्हावं. बेळगावचा पावसाळा काँक्रीटला दम देत नाही, आणि जूनमध्ये खणलेला क्रॉस ऑगस्टपर्यंत तळं होतो.

पाणी कुणीकडून कुणीकडे वाहतं ते आधीच्या पावसाळ्यातल्या फोटोवरून दाखवा. गोलानं पाणी अडलं की डांबर उखडतं आणि मग दोष गोलाला. आतली कड १५ सेंटीमीटर उंच, काँक्रीटच्या कर्बची. इथे स्वस्त मिळतो म्हणून जांभ्याचा चिरा लावायचा मोह होतो. ट्रॅक्टरचं चाक दोनदा घासलं की त्याचा भुगा. काँक्रीटवर निदान आठवडाभर पाणी मारलं जातंय का बघा. समोरच्या घरातल्या आजोबांवर हे काम सोपवलं तर ठेकेदाराला सुट्टी नाही.

फलक आणि रंग हा बांधकामाचाच भाग आहे, नंतरची सजावट नव्हे. चारी बाजूंना गोलाची सूचना देणारा लाल कडेचा त्रिकोणी फलक, गोलावर ‘डावीकडून जा’चा निळा बाण, रस्त्यावर ‘वाट द्या’ची तुटक रेघ. कर्बला पिवळे-काळे पट्टे, पाट्यावर रिफ्लेक्टरचे दिवे. आणि क्रॉसवर पेटणारा दिवा हवा. तो नसेल तर गोल बांधणंच पुढे ढकला; अंधारातला गोल आणि रस्त्यात पडलेला दगड यात फरक नाही.

चालणाऱ्यांचं एक ध्यानात ठेवा. गोल गाड्यांना कोपऱ्याकडे ढकलतो, आणि कोपऱ्यावरच माणसं रस्ता ओलांडायला उभी असतात. म्हणून झेब्रा पट्टे क्रॉसच्या तोंडावर न मारता एक मोटार मावेल इतके, पाच-सहा मीटर मागे घ्या.

मध्ये काय लावायचं, आणि काय नाही

इथे मी थोडा हट्टी आहे. मध्ये काही उभं करू नका. पुतळा नको, ध्वजस्तंभ नको, कुणाच्या वाढदिवसाचा डिजिटल फलक तर अजिबात नको. १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारांना बजावलंय की सार्वजनिक रस्ते आणि फुटपाथांवर पुतळे किंवा बांधकामं उभी करायला यापुढे परवानगी देऊ नये. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या भागात चौकाला नाव द्यायचं म्हटलं की काय होतं ते आपण सगळे जाणतो. पाच मीटरच्या मातीवर कुणाची तरी अस्मिता उभी राहते, दुसऱ्या बाजूची जागी होते, आणि ज्या पोरांना शाळेत सुखरूप जाता यावं म्हणून हे केलं त्यांच्या क्रॉसवर पोलीस व्हॅन उभी राहते. गोलाला नावच देऊ नका. ‘पाचव्या क्रॉसचा गोल’ पुरे.

झाडं लावायची तर गुडघ्याएवढी, ६० सेंटीमीटरच्या आत. पलीकडून येणाऱ्या सायकलवरच्या पोराचं डोकं दिसलं पाहिजे. सदाफुली माझी आवडती: कडू असते म्हणून गाय तोंड लावत नाही, एप्रिल-मेत कमी पाण्यावर तगते, वर्षभर फुलते. कोरफड चालेल. घायपात किंवा काटेरी निवडुंग नको, स्कूटरवाला पडला तर त्यातच पडणार. मोठं झाड मी टाळतो. वर तारा असतात आणि दहा वर्षांनी बुंधा नजर अडवतो. पाणी घालायची पाळी लागत नसेल तर माती टाकूच नका, वर फरसबंदी करून पांढरा रंग द्या. वाळलेल्या बागेत महिन्याभरात कचरा पडायला लागतो.

लोकांना वळवायचं कसं

पहिला महिना गोंधळाचा. तीन गोष्टी सांगत राहा: डावीकडून जायचं, गोलात जो आहे त्याला आधी जाऊ द्यायचं, उजवीकडे जायचं असलं तरी गोलाला वळसा घालूनच वळायचं. तिसरी सगळ्यात अवघड. ‘एवढ्या गोलाला काय फिरायचं?’ म्हणून उजवीकडून कापणारे असतातच, आणि समोरून येणाऱ्याशी धडक होते ती त्यांचीच. शाळेच्या व्हॅनवाल्यांपासून सुरुवात करा. ते रोज चार वेळा तिथून जातात. ते नीट फिरायला लागले की मागचे बघून फिरतात. हॉर्न वाजवत शिरणाऱ्यांना हळूहळू कळतं की हॉर्नपेक्षा ब्रेक स्वस्त.

एक गोल एकाच क्रॉसपुरता काम करतो. पुढचे चार क्रॉस मोकळे असतील तर गाडी पुन्हा वेग घेते. म्हणून जमलं तर दोन-तीन क्रॉस सोडून दुसरा मागा. पण पहिला सहा महिने चालू द्या, मगच. शेजारच्या क्रॉसची मंडळी तोवर स्वतःच विचारायला येतील. त्यांना टेप, दोरी आणि वही द्या, आणि तुमचे आकडे देऊ नका. त्यांचे कोपरे त्यांनीच मोजू देत.

पावसाळ्याआधी दरवर्षी एका सकाळी तिघांनी जाऊन बघायचं: चेंबरचं झाकण उघडतं का, रिफ्लेक्टर किती उरलेत, पाटा कुठे फुटलाय, सदाफुली किती वाढलीय. वाढली असेल तर त्याच सकाळी छाटा. पट्ट्यांचा रंग दिवाळीपर्यंत धुऊन जातो; तेव्हा घरं रंगवायला डबे उघडलेले असतात, त्यातलाच उरलेला पांढरा गोलावर मारू नका, तो ओल्यात घसरतो. रस्त्याचा रंग वेगळा येतो, तो वॉर्ड ऑफिसकडून मागून घ्या.